पाहुण्याला वाट, रहिवाशाला परीक्षा : परदेशी वाहन परवान्याचा इतिहास

(१)
माझी मावसबहीण, म्हणजे आमची ताई, पुण्यात बारा वर्षे चारचाकी चालवत होती. सिंहगड रस्त्यावरची संध्याकाळची कोंडी, खंबाटकीचा घाट, भर पावसातला ताम्हिणी, सारे तिच्या हाताखालून गेलेले. नोकरीनिमित्त ती जर्मनीत, श्टुटगार्टजवळ, राहायला गेली. पहिले सहा महिने तिने भारतीय परवान्यावर गाडी चालवली. सातव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी मात्र, कायद्याच्या लेखी, तिला गाडी चालवता येईनाशी झाली.

(२)
हात तेच, डोळे तेच, रस्ताही तोच. मग काल वैध असलेले कौशल्य आज अवैध कसे झाले? ताईने हा प्रश्न मला त्राग्याने विचारला होता. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मी त्याच्या मागे लागलो आणि सव्वाशे वर्षे मागे गेलो. मित्रांनो, आजचा हा धागा परदेशी वाहन परवाना बदलून घेण्याच्या व्यवस्थेचा. वाटेत मॅनहाइम, पॅरिस, जिनिव्हा आणि लक्झेंबर्ग ही गावे लागतील.

(३)
आरंभ १८८८ सालचा. कार्ल बेंझच्या तीनचाकी मोटारीचा आवाज आणि धूर यांनी मॅनहाइमचे नागरिक हैराण झाले होते. १ ऑगस्ट १८८८ रोजी बाडेनच्या संस्थानी प्रशासनाने बेंझला रस्त्यावर वाहन चालवण्याची लेखी अनुमती दिली. जगातला पहिला वाहन परवाना म्हणून या कागदाचा उल्लेख होतो. त्यातील एक तपशील आपल्या कथेसाठी महत्त्वाचा आहे. ही अनुमती मॅनहाइम आणि भोवतालच्या काही गावांपुरतीच होती. परवाना जन्माला आला तोच हद्दीसह.

(४)
त्याच महिन्यात बेंझची पत्नी बेर्टा दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, ती मोटार थेट फोर्त्सहाइमपर्यंत घेऊन गेली. हे अंतर सुमारे शंभर किलोमीटर. मोटारीच्या इतिहासातला हा पहिला दूरचा प्रवास, आणि तो परवान्यातल्या हद्दीच्या कितीतरी पलीकडचा! यंत्र हद्द ओलांडते आणि कागद मागे राहतो, हा पेच अशा रीतीने पहिल्याच महिन्यात उभा राहिला.

(५)
पुढच्या पंधरा वर्षांत प्रत्येक राज्याने आपापला परवाना घडवला. पॅरिसच्या पोलिसांनी १८९३ मध्ये चालकासाठी क्षमतेचे प्रमाणपत्र आणले, १८९९ मध्ये ते फ्रान्सभर लागू झाले. प्रशियाने १९०३ मध्ये परीक्षा सक्तीची केली. ब्रिटनने त्याच वर्षी कायदा केला, पण परीक्षा ठेवली नाही. पाच शिलिंग भरावेत, वय सतरा असावे, परवाना मिळे. चालक ओळखता यावा एवढाच त्याचा हेतू होता. तेथे परीक्षा सक्तीची झाली ती १ जून १९३५ पासून.

(६)
म्हणजे 'परवाना' हा शब्द एकच, पण कुठे तो कौशल्याचा दाखला होता, तर कुठे केवळ पैसे भरल्याची पावती. अशा परिस्थितीत एका देशाच्या चालकाने दुसऱ्या देशात प्रवेश केला, तर त्याच्या कागदाला काय किंमत द्यायची? मोटारी वेगवान होत होत्या, सीमा जवळ येत होत्या आणि हा प्रश्न टाळणे कठीण झाले होते.

(७)
पहिले सामूहिक उत्तर ११ ऑक्टोबर १९०९ रोजी पॅरिसमध्ये मिळाले. युरोपातील राज्यांनी मोटार वाहतुकीसंबंधी आंतरराष्ट्रीय करार केला. वळण, चौक, रेल्वे फाटक आणि खाचखळगा यांच्या धोक्याची चार चिन्हे त्यात ठरली. वाहनाच्या मागे देशाची अक्षरे असलेली लंबवर्तुळाकार पाटी लावण्याची पद्धतही त्यातलीच. आणि वाहन व चालक या दोहोंसाठी एक आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र आले. ते असले की परक्या देशात पुन्हा तपासणी नको.

(८)
हा करार कोणासाठी होता? १९०९ मध्ये स्वतःच्या मोटारीने सीमा ओलांडणारा माणूस म्हणजे हौशी धनिक. तो आल्प्स पाहायला जाई, समुद्रकिनारी मुक्काम करी आणि ऋतू पालटला की घरी परते. राज्यांच्या नजरेसमोर हाच प्रवासी होता. २४ एप्रिल १९२६ च्या दुसऱ्या पॅरिस कराराने चालकाचे प्रमाणपत्र वाहनापासून वेगळे केले. आज आरटीओमधून मिळतो तो आंतरराष्ट्रीय परवाना या प्रमाणपत्राचा वंशज. अतिथीची सोय अधिक चोख झाली, पण सोय अतिथीचीच राहिली.

(९)
दुसऱ्या महायुद्धानंतर संयुक्त राष्ट्रांनी जिनिव्हात परिषद बोलावली आणि १९ सप्टेंबर १९४९ रोजी रस्ते वाहतुकीचा नवा करार झाला. स्वतंत्र भारतानेही त्यावर स्वाक्षरी केली आणि १९६२ मध्ये त्याला अनुसमर्थन दिले. कराराचे २४ वे कलम उदार आहे. आपल्या देशात क्षमता सिद्ध करून परवाना मिळवलेल्या चालकाला दुसऱ्या सदस्य देशाने पुन्हा परीक्षा न घेता गाडी चालवू द्यावी, असे ते सांगते.

(१०)
पण त्याच कराराच्या पहिल्याच कलमात एक मर्यादा आहे. जो चालक सलग एक वर्षाहून अधिक काळ देशात राहिला आहे, त्याला या सवलती देण्याचे बंधन कोणत्याही राज्यावर नाही. १९६८ च्या व्हिएन्ना कराराने हीच गोष्ट अधिक स्पष्ट शब्दांत मांडली. ज्याने आपला नेहमीचा निवास दुसऱ्या देशात हलवला, त्याचा जुना परवाना मानण्याचे बंधन त्या देशावर नाही. ताईचा सातवा महिना या ओळींतून आलेला आहे.

(११)
येथे थोडे थांबू. सामान्य बुद्धीला वाटेल की एखादा चालक जितका जास्त काळ एखाद्या देशात गाडी चालवेल, तितका तो तेथील रस्त्यांना सरावेल. कायद्याचा क्रम उलटा आहे. काल विमानतळावर उतरलेल्या पर्यटकाला मुभा, आणि वर्षभर त्या रस्त्यांवरून ये-जा केलेल्याला मनाई. यामागचा विचार असा : पाहुण्याची जबाबदारी त्याच्या मूळ राज्याची. जो राहायला आला, तो आता आमचा, म्हणून त्याची पारख आम्हीच करणार. परवान्याआडून येथे राज्य आपला अधिकार सांगत असते.

(१२)
ही विभागणी टिकली, कारण पाहुणा आणि रहिवासी वेगळे ओळखता येत होते. युद्धोत्तर पश्चिम जर्मनीने ती सीमारेषा पुसट केली. कारखान्यांना माणसे हवी होती. १९५५ मध्ये इटलीशी, १९६० मध्ये स्पेन आणि ग्रीसशी, १९६१ मध्ये तुर्कस्तानशी, १९६४ मध्ये पोर्तुगालशी, १९६८ मध्ये युगोस्लाव्हियाशी मजूरभरतीचे करार झाले. या कामगारांना जर्मन भाषेने नाव दिले 'गास्टआर्बायटर', अर्थात पाहुणे कामगार. नावात पाहुणा, आणि मुक्काम मात्र वर्षानुवर्षांचा. परवान्याच्या कायद्यात अशा माणसासाठी रकानाच नव्हता.

(१३)
या पेचाला न्यायालयात नेले ते मिशेल शोके या फ्रेंच नागरिकाच्या खटल्याने. तो पश्चिम जर्मनीत वर्षाहून अधिक काळ राहत होता आणि फ्रेंच परवान्यावरच गाडी चालवत होता. जर्मन परवाना नाही म्हणून त्याच्यावर फौजदारी कारवाई झाली. रॉइटलिंगन येथील न्यायालयाने प्रश्न लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाकडे पाठवला. युरोपीय समुदायात माणसाला कोठेही काम करण्याचे स्वातंत्र्य आहे, तर मग त्याच्या परवान्याला सीमा कशी?

(१४)
२८ नोव्हेंबर १९७८ चा निकाल सावध होता. देशोदेशीचे नियम इतके भिन्न आहेत की आधी त्यांत समानता आणल्याशिवाय परस्पर मान्यता देता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. ही शंका पोकळ नव्हती. शेजारच्या बेल्जियममध्ये १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत परवानाच लागत नसे, आणि प्रत्यक्ष गाडी चालवून दाखवण्याची परीक्षा तेथे आली ती १९७० च्या दशकात. तेथला जुना चालक कोणापुढेही परीक्षेला बसलेला नव्हता.

(१५)
तथापि याच निकालात एक दार किलकिले झाले. परवाना मागा, पण अटी रस्तासुरक्षेच्या गरजेपुरत्याच ठेवा, असे न्यायालयाने बजावले. आधी दिलेल्या परीक्षेचीच उघड पुनरावृत्ती करायला लावणे, भाषेमुळे अडचण होईल अशी पद्धत ठेवणे, किंवा अवाजवी शुल्क आकारणे, ही अतिरेकाची उदाहरणे म्हणून त्याने नोंदवली. परक्या देशात परवान्यासाठी रांगेत उभ्या राहिलेल्या कोणालाही ही यादी ओळखीची वाटेल.

(१६)
डिसेंबर १९८० मध्ये युरोपीय समुदायाचा पहिला निर्देश आला. एक सामायिक नमुन्याचा परवाना ठरला. एका सदस्य देशातून दुसऱ्यात राहायला गेलेल्याने वर्षभराच्या आत परवाना बदलून घ्यावा, पुन्हा परीक्षा नको, असा नियम झाला. पुन्हा परीक्षा देण्याऐवजी एक कागद देऊन दुसरा घेण्याची तडजोड निघाली. पण ज्याने मुदतीत कागद बदलला नाही, त्याचे काय? याचे उत्तर दुसऱ्या खटल्याने दिले.

(१७)
सोफिया स्कानावी ही ग्रीक महिला ऑक्टोबर १९९२ मध्ये पतीसह जर्मनीत राहायला आली. पुढच्याच ऑक्टोबरमध्ये पोलिसांनी तिची गाडी अडवली. वर्षाची मुदत उलटून अवघे काही दिवस झाले होते. तिच्याकडे वैध ग्रीक परवाना होता, तो बदलून तेवढा घेतलेला नव्हता. जर्मन कायद्यात याचा अर्थ 'विनापरवाना वाहन चालवणे', आणि त्या गुन्ह्याला कैदेचीही तरतूद होती.

(१८)
२९ फेब्रुवारी १९९६ रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला. परवाना बदलून घेण्याची अट चालेल. परंतु ती न पाळणाऱ्याला जणू गाडी चालवताच येत नाही असे समजून शिक्षा करणे अवाजवी आहे. बदलून मिळालेला कागद गाडी चालवण्याचा हक्क निर्माण करत नाही, तो हक्क आधीपासून असल्याचा केवळ पुरावा असतो. शिवाय अशा शिक्षेचा माणसाच्या उपजीविकेवर परिणाम होऊ शकतो, हेही न्यायालयाने ध्यानात घेतले. मला हा या संपूर्ण इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा क्षण वाटतो. माणसाचे कौशल्य आणि राज्याचा कागद या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे प्रथमच इतक्या नेमकेपणाने सांगितले गेले.

(१९)
तोवर बदलाची दिशा ठरलीच होती. १९९१ च्या दुसऱ्या निर्देशाने सदस्य देशांनी एकमेकांचे परवाने जसेच्या तसे मानावेत असे ठरवले आणि १ जुलै १९९६ पासून ते लागू झाले. शोके निकालापासून अठरा वर्षांनी युरोपच्या आत बदलाची सक्ती संपली. दरम्यान ३ ऑक्टोबर १९९० रोजी पूर्व जर्मनी हा देशच नाहीसा झाला होता. त्याने दिलेले परवाने मात्र एकीकृत जर्मनीत वैध राहिले, जुन्या चालकांना पुन्हा परीक्षेला बसावे लागले नाही. राजकीय इच्छा असली की कागद एका रात्रीत विश्वासार्ह होतो.

(२०)
हे सारे वर्तुळाच्या आतल्यांसाठी. बाहेरच्यांसाठी जिनिव्हाचीच रेषा कायम आहे. जर्मनीच्या नियमावलीत एक यादी आहे. तिच्यातल्या देशांचा परवाना परीक्षेविना बदलून मिळतो. जपान, सिंगापूर, दक्षिण आफ्रिका, दक्षिण कोरिया तिच्यात आहेत. अमेरिकेच्या काही राज्यांना पूर्ण सूट, तर काहींना फक्त लेखी परीक्षा. भारत यादीत नाही. 'आपण डावीकडून गाडी चालवतो म्हणून' असे कोणी म्हणेल, पण जपान आणि दक्षिण आफ्रिकाही डावीकडूनच चालवतात.

(२१)
ब्रिटनचे उदाहरण आपल्याला आणखी जवळचे. आपण त्याच बाजूने गाडी चालवतो, आपला मोटार कायदाही ब्रिटिश अमदानीतच आकाराला आला. तरीही भारतीय परवान्यावर तेथील रहिवाशाला बारा महिनेच गाडी चालवता येते, नंतर लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्ही परीक्षा. हाँगकाँग, सिंगापूर, बार्बाडोस, झिम्बाब्वे यांचे परवाने मात्र तेथे बदलून मिळतात. एकेकाळी एका साम्राज्यात असणे एवढे पुरेसे ठरलेले नाही.

(२२)
मग ठरते कशाने? परक्या राज्याच्या शिक्क्यावर किती विश्वास ठेवायचा यावर, आणि तो राज्यकारभार बदल्यात आपल्या नागरिकांना काय देतो यावर. या अविश्वासाला केवळ पूर्वग्रह म्हणून झटकता येणार नाही. मैदानात आठ आकडा काढून, किंवा तोही न काढता, मिळालेल्या लायसन्सच्या गोष्टी आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकल्या आहेत. पण याची किंमत मोजतो तो प्रामाणिकपणे शिकलेला चालक. त्याच्या हाताची परीक्षा होत नाही, आधी त्याच्या राज्याची होते, आणि त्या परीक्षेला तो बसलेलाच नसतो.

(२३)
उलट बाजू पाहा. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ९ व्या कलमात, अर्जदाराकडे भारताबाहेरील सक्षम प्राधिकरणाने दिलेला त्या वर्गाचा परवाना असेल आणि आरोग्यविषयक अटी पूर्ण होत असतील, तर चाचणीतून सूट देण्याची तरतूद आहे. देशांची यादी त्या कलमात नाही. परक्याच्या शिक्क्यावर आपला कायदा जितका विश्वास ठेवतो, तितका आपल्या शिक्क्यावर इतरांचा नाही. ही विषमता आकसाने नव्हे, तर इतिहासाने घडवली आहे.

(२४)
आणखी एक खूण. जर्मनीतली लेखी परीक्षा जर्मनखेरीज बारा भाषांत देता येते. इंग्रजी, फ्रेंच, पोलिश, रुमानियन, रशियन आहेतच, शिवाय इटालियन, ग्रीक, स्पॅनिश, पोर्तुगीज, तुर्की, क्रोएशियन. म्हणजे १९५५ ते १९६८ च्या मजूरभरती करारांची जवळजवळ पूर्ण वंशावळ. अरबी भाषा आली २०१६ मध्ये, सीरियातील युद्धातून लाखो माणसे जर्मनीत आल्यानंतरच्या वर्षी. परीक्षेचा भाषांचा रकाना म्हणजे स्थलांतराचा अभिलेखच आहे. भारतीय भाषा त्यात नाहीत. आपण इंग्रजीच्या दाराने आत जातो.

(२५)
ताईही त्याच दाराने गेली. लेखी परीक्षा सहज झाली. प्रात्यक्षिकात ती पहिल्या खेपेस नापास झाली, कारण फलक नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट द्यायची असते आणि ती क्षणभर विसरली. वळण्यापूर्वी मान वळवून खांद्यावरून मागे पाहायचे, आरशावर विसंबायचे नाही, ही सवयही तिला नव्याने लावावी लागली. "परीक्षा चुकीची नव्हती रे," ती मला म्हणाली, "बारा वर्षे कुठेच जमा धरली नाहीत, त्याचं वाईट वाटलं."

(२६)
दुसऱ्या खेपेस ती उत्तीर्ण झाली. नवा परवाना हाती पडला तो जुना जमा केल्यावरच. 'एमएच १२' ने सुरू होणारा क्रमांक, लग्नाआधीचे छायाचित्र, पुण्याचा पत्ता असलेले ते कार्ड खिडकीपलीकडे गेले. युरोपात बदलून मिळालेल्या परवान्यावर ७० हा संकेतांक, जुना क्रमांक आणि मूळ देशाची खूण छापतात. ताई परीक्षा देऊन उत्तीर्ण झाली, त्यामुळे तिच्या परवान्यावर आधीच्या बारा वर्षांची एवढीही खूण नाही.

(२७)
हा धागा लिहिताना मला सतत जाणवले की पासपोर्ट, व्हिसा, नागरिकत्व यांच्या इतिहासावर आपण पुष्कळ वाचतो, आणि खिशातल्या या छोट्या कार्डाकडे दुर्लक्ष करतो. वास्तविक माणूस एका देशातून दुसऱ्या देशात 'राहायला' गेला, हे ज्या दिवशी त्याला खरोखर कळते, तो दिवस पुष्कळदा हाच असतो. १९०९ पासून जगाने पाहुण्यासाठी रस्ता मोकळा केला. रहिवाशासाठी तो खुला करायला एकट्या युरोपला दोन खटले आणि अठरा वर्षे लागली, तेही फक्त आपसांत.

(२८)
तुमच्या घरातले कोणी आखातात, अमेरिकेत, ब्रिटनमध्ये, जर्मनीत राहायला गेले असेल, तर त्यांना त्यांच्या परवान्याची गोष्ट जरूर विचारा. कोणत्या वर्षी गेले, कोणती परीक्षा द्यावी लागली, जुने कार्ड कुठे गेले, हे लिहून ठेवा. स्थलांतराचा इतिहास दफ्तरखान्यांत असतो तसाच तो या आठवणींतही असतो, आणि त्या अजून कोणी नीट गोळा केलेल्या नाहीत.